आईनं उचललेला भंडारा

तुकोजी कारभाऱ्याचं पायताण वाजायचं. पहिल्यांदा हेच सांगून टाकते, कारण बाकीचं मागंपुढं झालं तरी चालेल, पण तो आवाज तुमच्या कानात बसला नाही तर आमच्या घरात तेव्हा काय चाललं होतं ते कळायचंच नाही. मुद्दाम वाजतं शिवून घेतलेलं कापशी पायताण. करर्, करर्, करर्. बांधावरून तो आवाज यायला लागला की आमचा आप्पा बसल्या जागी ताठ व्हायचा, आई पदर सारखा करायची आणि आमचं कुत्रं, जे एरवी वाऱ्यावरसुद्धा भुंकायचं, ते शेपूट घालून गोठ्यात जायचं. कारभारी म्हणजे सरकारांचा माणूस. सरकार म्हणजे आमच्या गावचे इनामदार, सगळं गाव त्यांना सरकारच म्हणायचं, इंग्रज सरकार ते वेगळं आणि ते लांब. आम्ही राहत होतो तो मळा सरकारांचा, विहीर सरकारांची, आम्ही कसणारे कूळ. सरकारांची एक पद्धत होती, पाच-सहा वर्षांच्या वर एका कुळाला एका जमिनीवर ठेवायचं नाही. माणूस मातीला चिकटतो म्हणायचे. आमचं सहावं वर्ष चालू होतं.

हे सगळं मी इतकं भराभरा टाइप करतेय की नातू मागून येऊन म्हणतो, आजी, जरा दमानं, कीबोर्ड मोडशील. तो उद्यमबागेत कारखान्यात जातो, त्याला वाटतं म्हातारी माणसं एकेक अक्षर शोधत बसतात. अरे, मी आयुष्यभर कचेरीत टाइपरायटर बडवलाय, माझी बोटं डोक्याच्या पुढं पळतात! पण ही बोटं अक्षरापर्यंत आली कशी, तेच तर सांगायचंय, आणि ते सांगायला बसले की मला धीर धरवत नाही.

निपाणीपासून चार मैलांवर आमचं गाव. थंडीत तंबाखूचं पान खुडायला आलं की सगळ्या शिवाराला वास सुटायचा, गोड आणि घशाला लागणारा. आईची बोटं त्या चिकानं काळी व्हायची, चिंचेनं घासली तरी निघायची नाहीत. सकाळी मोटेचा कुईंकुईं आवाज, आप्पाचं बैलांशी बोलणं, चुलीवर जोंधळ्याची भाकरी फुगताना होणारा बारीक फुस्सकन आवाज. खर्डा, आंबाडीची भाजी, जोंधळ्याच्या कण्या आणि ताक. आमच्या मळ्याला लागून तारक्काचा मळा. तारक्का जैनांची, विधवा, जमीन तिच्या स्वतःच्या नावावर. बोलताना निम्मं मराठी निम्मं कानडी. दिवस बुडायच्या आत जेवून मोकळी व्हायची आणि मग आम्ही जेवायला बसलो की कुंपणापलीकडून गप्पा मारायची. गावातल्या सगळ्या बातम्या त्या कुंपणावरून आमच्याकडं यायच्या. मेंबर वारले ही बातमीसुद्धा तिथूनच आली.

तेव्हा आम्ही मुंबई इलाख्यातले. मुंबईच्या कायदेमंडळात आमच्या भागाचे जे जुने मेंबर होते ते अचानक गेले, जागा मोकळी झाली आणि त्या एका जागेसाठी निवडणूक लागली. उभे राहिले दोघं. एक आमचे सरकार. दुसरे निपाणीचे एक खादीवाले वकील, पांढरी टोपी, सायकलवरून फिरायचे. मत सगळ्यांना नव्हतंच. सारा भरणारे, जमीन कसणारे असे ठरावीक बाप्ये, आणि बायका अगदी मोजक्या. तारक्काला होतं, जमिनीमुळं. तिनंच एका संध्याकाळी कुंपणावरून सांगितलं, "हौसा, अगं, लिहितावाचता येणाऱ्या बाईला पण मत देत्यात म्हणं. अर्ज करायला लागतो."

आई भाकरी थापत होती. थापता थापता हात थांबला. "बाईला? नवऱ्याचं वेगळं आणि बाईचं वेगळं?"

"हौदु, व्हय. वेगळं."

आईनं भाकरी तव्यात टाकली, पाणी फिरवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी चौथीत. एवढंच. पण त्या बघण्यानं माझ्या अंगावर काटा आला, खोटं सांगत नाही.

मी आईला शिकवायला लागले. आता थांबा, तिला अगदीच काही येत नव्हतं असं नाही. माझं पुस्तक उघडं असलं की ती मागून बघायची, अक्षरं तिला तोंडओळखीची होती. पण लिहायला आलं पाहिजे. दुपारी पानं वाळत घातली की वाळवणाच्या कडेला पाटी घेऊन बसायचो आम्ही. काळ्या बोटांत पांढरी पेन्सिल. हौसा लिहायला तिला आठ दिवस लागले, तो 'हौ' तिला काही केल्या उभा राहायचा नाही, पडायचा. मी रागवायची. ती म्हणायची, "मास्तरीण, मारू नगंस." महिन्याभरात ती पत्रकं वाचायला लागली. दोन्ही बाजूंची पत्रकं गावात वाटली जायची, ती दोन्ही आणायची आणि बोट ठेवून ठेवून वाचायची. वकिलांच्या पत्रकात होतं, कसणाऱ्या कुळाला जमिनीवरून काढता येणार नाही असा कायदा करू. सरकारांच्या पत्रकात होतं, वेदगंगेवर पूल बांधवून घेऊ. आईचं माहेर नदीपलीकडं. पावसाळ्याचे चार महिने माहेर बंद. तिची आई गेली ती श्रावणात, हिला कळलं ते दसऱ्याला.

"मग कुणाला देणार तू?" मी विचारलं.

"अजून वाचतीया की," आई म्हणाली.

निपाणीच्या कचेरीत अर्ज द्यायला आम्ही तिघी गेलो, आई, तारक्का आणि मी. कारकुनानं आईला वर्तमानपत्राच्या चार ओळी वाचायला लावल्या, घाम फुटला तिला, पण वाचल्या. नाव लिहायला लावलं. लिहिलं. 'हौ' उभा राहिला. मग कारकून म्हणाला, "नवऱ्याचं नाव?" आणि आई गप्प. नवऱ्याचं नाव कसं घेणार? कारकून म्हणतो, "बाई, एवढं वाचलंत आणि नवऱ्याचं नाव येत नाही?" आईनं मला असा कोपरा मारला की मी ओरडलेच, "भैरू!" तारक्का रस्ताभर हसत होती. घरी आप्पाला सांगितलं तर तो नुसतं "बरं" म्हणाला. त्याला ती गंमत वाटली असावी. बायकोचं नाव यादीत येईल आणि त्यातून पुढं काही होईल, हे त्याच्या ध्यानातच आलं नाही.

मग भंडाऱ्याचा दिवस आला. आमच्याकडं भंडारा म्हणजे देवाची हळद. बिरोबाची. ताटात हळदीची पूड, वर बेलाचं पान, आणि ते हातात उचलून जे बोललं ते मोडायचं नाही. मोडलं तर वंश बुडतो, गुरं मरतात, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. आणि एक गोष्ट त्याच्याही पुढची. भंडारा उचललेल्या माणसाला शपथ मोड म्हणणारासुद्धा तेवढाच पापी. कुणी म्हणायचंच नाही. सरकारांनी सगळ्या कुळांना वाड्याच्या सोप्यात बोलावलं, कारभाऱ्यानं ताट फिरवलं आणि एकेकानं उचलला. आप्पा संध्याकाळी घरी आला तर उजवा हात पिवळा. तो तसाच जेवायला बसला.

"काय बोललासा?" आईनं विचारलं.

"सगळी बोलली तेच. माझ्या घराचं मत सरकारास्नी."

"घराचं?"

"मग? घराचंच की."

"घरात दोन मतं हायती."

आप्पाचा घास हातातच राहिला. भाकरीला हळद लागली होती. मग तो म्हणाला, "हौसा, त्यांच्या ध्यानात न्हाय ते. तू ऱ्हाऊ दे घरात त्या दिवशी. कुणाला कळायचं न्हाय."

"भंडारा तुमी उचललासा. माझ्या हाताला हळद कुठं हाय?" आईनं दोन्ही हात पुढं धरले. काळे होते ते, तंबाखूनं.

"मळ्याचं सहावं वरीस हाय," आप्पा म्हणाला. एवढंच. पण त्या वाक्यानं घरातली हवाच जड झाली, आणि मतदानाच्या आदल्या दिवसापर्यंत ती जडच राहिली. आप्पा आईशी बैलातर्फे बोलायचा. "बैलाला पाणी दावलं का म्हणावं." आई कुत्र्यातर्फे उत्तर द्यायची. मला हसू यायचं आणि रडूही यायचं. मी पाटीवर शिकवलं नसतं तर हे झालंच नसतं, असं सारखं वाटायचं. शाळेत लक्ष लागायचं नाही. वाटायचं, मळा गेला तर माझ्यामुळं.

मतदानाच्या आदल्या दिवशी, उन्हं कलायच्या सुमारास, बांधावरून आवाज आला. करर्, करर्. मी आणि आई पानं उलटत होतो. आईनं मान वर केली. कारभारी एकटा नव्हता, मागं एक माणूस आणि त्याच्या हातात पितळेचं ताट, पिवळंधमक. उन्हात ते ताट लांबून असं चमकत होतं की जणू काय दिवाच पेटवून आणलाय. यादी वाचली होती त्यांनी. हौसाबाई, भैरूची बायको, हे नाव कुणाच्या तरी डोळ्याला लागलं होतं.

आणि आई उठली, पोतं उचललं आणि चटचट चालत गोठ्याच्या कडेला जाऊन त्या पोत्यावर बसली. भिंतीला पाठ लावून. मला म्हणाली, "शेवंते, लांब हो. शिवू नगंस."

मला कळेचना. कावळा शिवला म्हणायचे तेव्हा. बाई चार दिवस बाहेर बसायची, चुलीला शिवायचं नाही, देवाला नाही, हळदीला तर नाहीच नाही. पण आई तर दहाच दिवसांपूर्वी बसली होती! मीच भाकऱ्या केल्या होत्या तेव्हा, जाडजूड, तारक्का म्हणाली होती यानं डोकं फुटेल. मी तोंड उघडणार तेवढ्यात आईनं माझ्याकडं बघितलं आणि मी ते मिटलं.

कारभारी आला. "हौसाबाई, या अशी इकडं. एक काम हाय देवाचं."

आई तिथूनच म्हणाली, "मला कशाला बोलावतासा कारभारी. मी बाजूला बसलीया."

कारभारी थबकला. ताट धरलेला माणूस तर दोन पावलं मागं सरला, ताटावर जणू सावलीसुद्धा पडायला नको. बाप्या माणसानं यापुढं काय विचारायचं? काहीच नाही. पण तुकोजी कारभारी आत्तापर्यंत कुळांची नाडी बघत बघतच म्हातारा झाला होता. त्यानं वळून आप्पाकडं बघितलं. आप्पा मोटेवरून आला होता, खांद्यावर मोटेचा दोर, पाय चिखलाचे.

"व्हय रं, भैरू? कवाधरनं?"

आप्पाला माहीत होतं. एका खोपटात राहणाऱ्या नवऱ्याला माहीत नसणार कसं? ताट त्याच्यापासून हातभर अंतरावर. त्या ताटातला भंडारा त्यानं उचलला होता, आणि त्याच ताटासमोर आता खोटं बोलायचं. मोट थांबलेली, पाणी पाटातून संपत आलेलं, त्याचा शेवटचा डुबुक डुबुक आवाज.

"सकाळधरनं," आप्पा म्हणाला.

कारभारी हसला. "बरं झालं की मग. उद्या देवाच्या दारात यायचा तरास वाचला बाईचा." आणि गेला. करर्, करर्.

मला ते वाक्य कळलं नाही. खरं सांगते, कळलंच नाही. आईला कळलं होतं, मी तिचा चेहरा बघितला, पिठासारखा झाला होता. आणि आता खोटं बोललोय तर निभावायला हवं, रस्त्यानं जाणारायेणारा बघणार, म्हणून ती पोत्यावरच बसली आणि आप्पा चुलीपुढं बसला. आप्पा! त्यानं जन्मात कधी परातीला हात लावला नव्हता. मी म्हटलं मी करते, तर "सर," म्हणाला. पीठ कधी पातळ, कधी घट्ट, भाकरी एका बाजूला करपलेली आणि मधे कच्ची. ती त्यानं लांबून आईच्या पदरात टाकली, वर खर्ड्याचा गोळा.

"कशी झालीया?" म्हणाला.

"बैलाला इचारा," आई म्हणाली.

आणि दोघंही हसले. महिन्याभरात पहिल्यांदा. कुंपणापलीकडून तारक्का ओरडली, "अय्यो, भैरूआण्णा, चुलीत पडशील!" तिनं सगळं ओळखलं होतं, ती काही विचारत बसली नाही.

सकाळी न्हाऊन मतदानाचं पत्रक पुन्हा वाचून दाखवायला मी आईकडं गेले. सरकारी नोटीस होती, मतदान शाळेत. शा-ळे-त. आणि वाचता वाचता माझी जीभ टाळ्याला चिकटली. आमची शाळा भरायची कुठं? बिरोबाच्या देवळाच्या मंडपात! रोज तिथंच तर बसत होते मी, खांबाला टेकून, बिरोबाच्या डोळ्यांसमोर पाढे म्हणत. शाळा म्हटलं की शाळाच डोळ्यांपुढं यायची, देऊळ नाही. नोटीस चार वेळा वाचून दाखवली होती मी आईला, आणि दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं. बाहेर बसलेली बाई देवळात कशी जाणार? कारभारी हसला होता तो याच्यासाठी.

"मला काल रातीच कळलं," आई म्हणाली. केस बांधत होती. मग नेहमीचंच लुगडं, फक्त धुतलेलं. आप्पा दारात उभा. तो म्हणाला, "हौसा, ऱ्हाऊ दे आता. देवानंच वाट बंद केली समज."

"दारापतूर तर जाती," आई म्हणाली.

आप्पा पुढं, आई मागं दहा हात अंतर ठेवून, आणि मधे मी, कुणाबरोबर चालावं ते न कळून. देवळापुढं ही गर्दी. आजूबाजूच्या गावांतून सरकारांच्या बैलगाड्या भरून माणसं आलेली, खादीवाल्यांच्या दोन-तीन टोप्या एका कोपऱ्यात, पोलीस, पानतंबाखू, धूळ. मंडपात चिकोडीहून आलेले साहेब, टेबल, एक पडदा बांधलेला. ज्याला वाचता येतं त्यानं पडद्याआड जाऊन नाव बघून फुली मारायची. ज्याला येत नाही त्यानं साहेबाला सांगायचं, साहेब फुली मारणार. पण साहेबाच्या खुर्चीमागं दोन्ही बाजूंची माणसं बसलेली, आणि कान काय नुसते दागिने अडकवायला असतात? आप्पा आत गेला. मी खांबाआडून बघितलं. त्यानं हलक्या आवाजात सरकारांचं नाव सांगितलं, आणि मागं बसलेल्या माणसानं दारातल्या कारभाऱ्याकडं बघून मान हलवली. आप्पा बाहेर आला तेव्हा कुणाशी न बोलता पिंपळाखाली जाऊन उभा राहिला. त्यानं शब्द पाळला होता. पण तोंडावर पाळल्याचं काही दिसत नव्हतं.

आई पायरीपाशी पोचली. तारक्का तिच्या बरोबर. आणि कारभाऱ्यानं काठी आडवी धरली.

"काय हे! बाहेर बसलेली बाई देवळात? काल तोंडानं सांगितलंय हिनं!" मुद्दाम मोठ्यानं. गर्दी फटकन मागं सरली, आईच्या भोवती मोकळी जागा झाली, आणि त्या मोकळ्या जागेत ती एकटी. तारक्का तेवढी हलली नाही. म्हाताऱ्यांनी कानावर हात ठेवले. कुणीतरी थुंकलं. "कलियुग," कुणी म्हणालं. "फुली मारायला निघालीया!" आणि हशा.

साहेब आतून ओरडले, "काय गडबड आहे?" पण देवाच्या पायरीचा मामला, ते तरी काय करणार.

आईनं खरं सांगितलं तर आप्पा खोटा पडणार, तेही भंडाऱ्याच्या ताटासमोर खोटं बोललेला, आख्ख्या पंचक्रोशीच्या पुढं. नाही सांगितलं तर मत गेलं. ती पुढंही जात नव्हती आणि मागंही फिरत नव्हती. मी तिचे हात बघत होते. पदराचं टोक पिळत होती ती, पिळत होती, पिळत होती.

आणि पिंपळाखालून आवाज आला, "ती बाहेरची न्हाय."

आप्पा! डोक्याचा पटका हातात काढून घेतलेला. उघड्या डोक्यानं चालत आला तो. "काल मी खोटं बोललो. ताटापुढं बोललो. पाप असंल ते माझं. तिचं काय न्हाय त्यात. जाऊ द्या तिला आत."

मला वाटलं कारभारी आता काठीच घालतो. पण तो तसला नव्हता. त्याचं डोकं कधी तापायचं नाही, तेच भ्यायला लावणारं होतं. तो सावकाश म्हणाला, "असं? ब्येस झालं. मंजी शिवायला हरकत न्हाय. आण रं ते ताट." गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर ताट होतंच. ते आईपुढं धरलं गेलं. "उचल भंडारा, हौसाबाई. बोल, सरकारांना मत. आणि जा खुशाल आत."

तारक्का म्हणाली, "मला का न्हाय धरत ताट?"

"तुमच्यात भंडारा न्हाय चालत, आक्का."

"मग हिच्यात चालतोय म्हणून हिला बांधतासा व्हय? साकु, पुरे की आता!"

पण आईनं हात पुढं केला होता. मी डोळे मिटून घेतले. मला वाटलं झालं, संपलं, महिनाभर पाटीवर लिहिलेलं सगळं एका फडक्यानं पुसलं. आईनं मूठभर भंडारा उचलला, बेलाचं पान वर, आणि बोलली. तिचा आवाज एवढा मोठा असतो हे मला माहीतच नव्हतं.

"बिरोबाच्या साक्षीनं सांगती. माझं मत मी एकटी वाचून टाकीन. कुणाला टाकलं ते मरंस्तवर कुणाला सांगणार न्हाय. नवऱ्याला न्हाय, लेकीला न्हाय, सरकाराला न्हाय. सांगितलं तर माझी जीभ झडू दे."

आणि भंडारा कपाळाला लावला. काळी बोटं, पिवळं कपाळ. कारभाऱ्यानं काठी खाली घेतली. आता काय करणार? देवाच्या दारात, देवाच्या साक्षीनं शपथ झालेली. ती मोड म्हणणारा पापी. गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं, मघाशी कानावर हात ठेवलेल्यांपैकीच एकानं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं!" म्हणून आरोळी दिली आणि सगळ्यांच्या तोंडून आपसूक चांगभलं निघालं. त्या आवाजातच आई पायऱ्या चढली. पडद्याआड गेली. किती वेळ होती! साहेब घड्याळ बघत होते. मला माहीत होतं काय चाललंय, ती दोन्ही नावं बोट ठेवून वाचत होती, पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही अक्षर न गाळता.

निवडून सरकारच आले. सुगी झाली, तंबाखू वखारीत गेला आणि एका सकाळी पायताण वाजलं. मळा सोडा. आप्पा म्हणाला, "माझं मत तर सरकारास्नीच दिलंय, कारभारी. तुमच्या माणसानं ऐकलंय." कारभारी म्हणाला, "तुझं ऐकलंय. हिचं न्हाय ऐकलं." मळा गेला तो आई विरोधात गेली म्हणून नाही. ती कुठं गेली ते कळलं नाही, म्हणून गेला. हे मला पुढं कचेरीत नोकरीला लागल्यावर, साहेबलोकांचे चेहरे बघताना, नीट उमजलं.

आम्ही निपाणीला आलो. दोघंही तंबाखूच्या वखारीत कामाला. एकच खोली, दिवसभर शिंका. पण निपाणीत मोठी शाळा होती आणि मी शिकले, एवढं त्या वखारीनं दिलं. पहिल्याच महिन्यातली गोष्ट, रविवार होता. आप्पा माझी पाटी घेऊन आईपुढं बसला, लाजत. "मला बी फुली मारायला शिकीव," म्हणाला.

"फुली काय, कुणालाबी येती," आई म्हणाली. "नावं वाचायला शिका." आणि पाटीवर 'भ' काढला. मला नाही काढू दिला, स्वतः काढला. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, लिहू नये असं कुणी सांगितलंय? आप्पाला दोन वर्षं लागली. पण पुढच्या सगळ्या मतांना तो पडद्याआड एकटा गेला.

मला आता वाटतं तेव्हा आम्हाला सगळ्यांनाच खात्री होती, तिनं वकिलांना दिलं म्हणून. आप्पाला, तारक्काला, कारभाऱ्याला, मला. पण माझं वय वाढत गेलं तशी ती खात्री पातळ होत गेली. ती श्रावणात गेलेली आजी, तो दसऱ्याला कळलेला निरोप, पुलाच्या ओळीवर थांबणारं तिचं बोट. पुढं कुळांचा कायदा झाला आणि नदीवर पूलही झाला, आणि दोन्ही झाले तेव्हा आमचा मळा नव्हता आणि पलीकडं माहेरचं कुणी उरलं नव्हतं.

शेवटच्या आजारात ती माझ्याकडं होती, इथंच, पिरनवाडीच्या घरात. आप्पा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी तिच्या पायाला तेल लावत होते. मला राहवलं नाही. म्हटलं, "आई, आता तर सांग. सरकार गेले, वकील गेले, कारभारी गेला. कुणाला मारलीस फुली?"

तिनं डोळे उघडले. बराच वेळ माझ्याकडं बघितलं, तसंच, भाकरी थापता थापता बघितलं होतं तसं.

"शेवंते," म्हणाली, "भंडारा उचललाय मी. आणि मोड म्हणतीस? पापीण." आणि भिंतीकडं तोंड करून हसायला लागली.